पाणवठ्यावरची साक्ष

चिखलीहून खामगावच्या रस्त्याला लागले की वाटेत अमडापूर येते. बुलढाणा जिल्ह्यातले, चिखली तालुक्यातले जुने, मोठे गाव. टेकडीवर बल्लाळी देवी, खाली सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभऱ्याची शिवारे. याच जिल्ह्यात शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाची रांग रोज लागते, सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसे नवस फेडायला येतात. भक्ती या मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहे. ख्रिस्ती माणूस मात्र इथे शोधावा लागतो. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. साऱ्या महाराष्ट्रात मिळून ख्रिस्ती १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही, आणि त्यांतले फार मोठे प्रमाण मुंबई, वसई, पुणे, नगर या पट्ट्यातले. वऱ्हाडातल्या गावात ख्रिस्ती घर असलेच तर ते एखाद-दुसरे.

एवढ्या थोड्यांत असलेल्या घराचा धर्म घराच्या भिंतींत राहत नाही. उधारी कधी फिटते हे किराणा दुकानदाराला ठाऊक असते. पिठाच्या गिरणीवर कोण मधेच घुसते हे रांगेतल्या सगळ्यांना दिसते. धुऱ्यावरून कोण शेजाऱ्याशी किती खालच्या पातळीवर उतरून भांडले, हे संध्याकाळपर्यंत गावभर होते. मुंबईत बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला गेलेला माणूस गर्दीत मिसळून जातो, इथे तशी सोय नाही. मंडळीतली माणसे उपासनेत उभी राहून साक्ष देतात, पण गावाने ती ऐकलेली नसते. गाव त्या घराचे वागणे पाहत असते, आणि त्यावरून त्या घराच्या देवाविषयी आपले मत ठरवत असते.

म्हणून ख्रिस्ती निष्ठेविषयी लिहायचे तर मला मोठ्या शहरातल्या दगडी चर्चपेक्षा अमडापूरसारखे गाव जवळचे वाटते. बाप्तिस्मा एका दिवसाचा असतो. पुढची चाळीस-पन्नास वर्षे पाण्यापाशी, चुलीपाशी, मजुरीच्या हिशेबात आणि सरकारी कागदावर काढायची असतात. महाराष्ट्रात ती कशी काढली गेली, याच्या चांगल्या नोंदी आपल्याकडे आहेत. त्या धर्मशास्त्राच्या कपाटात पडून आहेत, आणि आपण त्यांच्याकडे निष्ठेची गोष्ट म्हणून फारसे पाहिलेले नाही.

आधी आजचीच एक अडचण घेऊ. दसरा-दिवाळीच्या दिवसांत या भागात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. टोळी एकराच्या हिशेबाने गुत्ता घेते. पाऊस कधी गाठेल याचा नेम नसतो, शेंग तडकायच्या आत पीक सुडीत जायला हवे, म्हणून रविवार-सोमवार कुणी पाहत नाही. आता टोळीतली एक बाई विश्वासी आहे आणि तिला रविवारी उपासनेला जायचे आहे. ती गेली तर तिच्या वाटचे सोंगणे बाकीच्या बायांवर पडते, कारण मजुरी एकराची आहे, माणसाची नाही. तिने शब्बाथ पाळावा की सोबतिणींचा भार वाहावा? पुलपिटवरून याचे उत्तर सोपे असते. शेतात ते सोपे नाही. मला विचाराल तर पहाटे प्रार्थना करून टोळीबरोबर गेलेली, आणि दुपारच्या सावलीत एखाद्या थकलेल्या बाईच्या ओळी आपल्या विळ्याखाली घेणारी बाई शब्बाथ मोडत नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, हे येशूने शेतातून जाता-जाताच सांगितले होते, आणि तेव्हाही त्याचे शिष्य कणसेच खुडत होते. पण दुसरी बाजूही खरी आहे. आठवड्याचा एक दिवस देवासाठी सोडायचा म्हणून दर रविवारची मजुरी आयुष्यभर बुडवणारी गरीब माणसे मंडळ्यांत असतात, आणि त्या बुडालेल्या मजुरीची बेरीज कुणाही श्रीमंताच्या दानपेटीतल्या नोटेपेक्षा मोठी भरेल.

कापणीचा सण हा याच माणसांचा. मराठी मंडळ्यांत हंगामानंतरच्या एका रविवारी लोक घरचे पीक वेदीपुढे आणून ठेवतात. पायलीभर ज्वारी, तुरीची डाळ, एखादा भोपळा, पाय बांधलेली कोंबडी, टोपलीत आठ-दहा अंडी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो. बाजारात सहज मिळणारे अंडे इथे कितीतरी पट भावाने जाते, आणि घेणारा ते बऱ्याचदा पुन्हा लिलावालाच ठेवतो. ज्याने अंडी आणली त्याच्याकडे द्यायला नोट नव्हती, पण सगळ्यांदेखत त्याच्या टोपलीवर बोली लागते आणि त्याची मान वर होते. ही व्यवस्था ज्या कुणा गावकऱ्यांच्या डोक्यातून निघाली, त्यांना माणसाची पारख होती.

वऱ्हाडात हा धर्म दुष्काळाच्या पाठोपाठ रुजला, आणि हे मोकळेपणाने बोलायला हवे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा प्रांत खरवडून काढला. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ साली ती २७ लाख ५४ हजारांवर आली. वाढायची ती घटली. माणसे भुकेने आणि पटकीने मेली, मुले रस्त्यावर आली. अलायन्स मिशनने अकोला-खामगाव भागात अशा पोरक्या मुलामुलींसाठी अनाथालये चालवली. बुलढाण्याला पुढे नाझरीन मंडळीचे काम उभे राहिले. १९०४ साली कॅनडाहून आलेले लेटन ट्रेसी आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांच्या आयुष्याची बरीच वर्षे या गावात गेली. त्यांच्या मुलीने १९५४मध्ये त्यांचे चरित्र लिहिले.

‘पोटासाठी धर्म सोडला’ हा टोमणा तेव्हापासूनचा. ज्यांनी तो मारला त्यांची घरे त्या वर्षी भरलेली होती की रिकामी, हे कुणी विचारत नाही. अनाथालयात वाढलेले पोर पुढे सुकाळ आल्यावर परत फिरू शकले असते. भाकरी मिळवायला इतर वाटा उघडल्यावरही जे थांबले, ज्यांनी वर्गात खडू धरला, दवाखान्यात पट्ट्या बांधल्या, ‘बायबल बाई’ म्हणून वाड्यावस्त्यांवरून पायी फिरून बायकांना अक्षरे शिकवली, त्यांची निष्ठा भुकेतून सुरू झाली म्हणून हलकी ठरत नाही. माणूस कुठल्या दाराने आत आला यापेक्षा आत येऊन त्याने काय केले, हे मला महत्त्वाचे वाटते. अर्थात मिशनचे कंपाउंड हीसुद्धा एक सावली होती. भिंतीच्या आत नोकरी मिशनची, शाळा मिशनची, शेजारी आपलेच. तिथे ख्रिस्ती राहणे त्या मानाने सोपे होते. भिंतीबाहेर गावात राहिलेल्यांची गोष्ट वेगळी, आणि तिच्या नोंदी मिशनच्या अहवालांत फार थोड्या सापडतात.

भिंतीबाहेरच्या आणि घराच्या आतल्या निष्ठेची सगळ्यांत प्रामाणिक नोंद मराठीत एका बाईने केली आहे. नारायण वामन टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे ग्रंथांचे काम करत होते. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले, त्याने जाताना बायबल हातात ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी वाचकाला हे पाठ आहे. यात नाट्य आहे, म्हणून ते पुन्हा पुन्हा सांगितले जाते. मला त्यापुढची पाच वर्षे जास्त मोलाची वाटतात.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई अशा घरातल्या, जिथे वडिलांच्या सोवळ्याने सगळे घर गांजलेले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय आत येत नसे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिच्या लेखी तो जिवंत असून गेला. माहेरच्यांनी सांभाळले, पंढरपूरला नेले, समजूत घातली. काही वर्षांनी ती त्याच्याकडे परत आली, पण आपला धर्म घेऊनच. नगरला तिची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी तिला धर्म बदलायला भाग पाडले नाही, आणि एका घरात दोन पाणी नांदत राहिली. आज आंतरधर्मीय संसारावर इतके बोलले जाते, त्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतला हा संसार कुणी काढत नाही. नवऱ्याने श्रद्धा बदलली, बायकोने नाही, आणि दोघे एकत्र राहिले. नव्या ख्रिस्ती नवऱ्याची पहिली परीक्षा होती ती बायकोच्या सोवळ्याचा मान राखण्याची, आणि टिळक तीत उतरले.

मग राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनातले कोडे सुटले. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःलाच सापडले. कुणी प्रवचन दिले नव्हते. त्यानंतर त्यांनी पहिली गोष्ट ठरवली ती पाण्याची. कुणाच्याही हातचे पाणी पिण्याची. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. शुभवर्तमानात येशू शोमरोनी बाईला विहिरीवर भेटतो, तेव्हा उपदेशाच्या आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईच्या भांड्याचे पाणी मागणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला महाराष्ट्रातल्या खेड्यात टीकाकाराची गरज पडत नाही. लक्ष्मीबाई त्या गोष्टीत दुसऱ्या बाजूने शिरल्या.

टिळकांचा स्वभाव देण्याचा. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे आणि मनात आले की माणूस घरी आणून ठेवत. दुष्काळात राहुरीच्या त्या घरात पोरकी मुले राहायला आली. त्यांना आणणे ही टिळकांची भक्ती होती. त्यांना न्हाऊ घालणे, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढणे, पुरेल अशी भाकरी थापणे आणि महिनाअखेर हिशेब जुळवणे ही लक्ष्मीबाईंची. मंडळ्यांच्या इतिहासात पहिल्या प्रकारच्या भक्तीला पाने मिळतात. दुसऱ्या प्रकारची भक्ती लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा लिहिली म्हणून कळली. ते पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात आले नसते तर मराठी ख्रिस्ती संसार आपल्याला पाळकांच्या अहवालांवरूनच समजून घ्यावा लागला असता. पुढे टिळकांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरेही राहिले. ते बालकवी. टिळकांनी या हिंदू मुलाला पोटच्या पोरासारखे ठेवले, त्याच्या कवितेवर माया केली आणि १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला पुढे केले. त्याला ख्रिस्ती करण्याचा घाट त्या घराने घातला नाही. मराठी कवितेवर टिळकांच्या घराचे हे ऋण आहे.

आणखी एका बाईचे नाव घ्यावेच लागते. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि थोरली बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात भुकेने गेले. स्वतः त्या भुकेतून वाचलेली ही बाई १८९६-९७ साली मध्य प्रांताच्या दुष्काळी भागात फिरली आणि सुमारे तीनशे मुली, बायका केडगावला घेऊन आली. मुक्ती सदनात या बायकांनी शेती केली, माग चालवले, छापखाना चालवला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते याच बायकांनी खिळे जुळवून छापले. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या, बायबल १९२४ साली बाहेर आले. इंग्लंडमध्ये असताना अँग्लिकन जोगिणींशी त्यांचे खटके उडाले होते. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये कशासाठी, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कुठे येते, असा त्यांचा सवाल होता. मांसाहार त्यांनी कधी केला नाही. ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहायचे म्हणून इंग्रज व्हायची गरज नाही, हे त्यांनी ताटात आणि अक्षरांत दाखवले. बाप्तिस्म्यानंतर मराठी माणूस परका होतो, असे समजणाऱ्यांनी केडगावचा छापखाना पाहावा.

या सगळ्याला मराठी मातीत जुनी ओळख आहे. सावता माळ्याला विठ्ठल मळ्यातच भेटला, जनाबाईला जात्यापाशी. भाजी खुडणे आणि दळणे ही देवाची कामे आहेत, हे आपल्याला सातशे वर्षांपासून माहीत आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा लंगडा, माजी सैनिक स्वयंपाकघरात भांडी घासत आणि पुढे वहाणा शिवत राहिला. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरक राहिला नव्हता. १६९१ साली तो वारल्यावर त्याचे बोलणे, त्याची पत्रे लोकांनी गोळा केली. आपल्या देहूच्या वाण्याचा, तुकारामांचा हात धरून ख्रिस्तापर्यंत आलेल्या टिळकांना हा स्वयंपाकी भेटला असता तर दोघांचे चांगले जमले असते.

बुलढाण्याच्या शेजारी वाशीम. १९९८पर्यंत अकोल्यात असलेला, मग वेगळा झालेला जिल्हा. तिथे १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६मध्ये भारतात आल्या. मुलींच्या जुन्या मिशन शाळेची इमारत त्यांनी दवाखान्यासाठी हाती घेतली आणि जवळजवळ चाळीस वर्षे या भागात काढली. डॉक्टरीण बाईंचे नाव राहिले, राहायलाच हवे. पण दवाखाना डॉक्टरवर जितका चालतो त्याहून जास्त नर्सवर चालतो, आणि तिथे नर्सिंगचे शिक्षण घेतलेल्या मराठी मुली पुढे गावोगाव गेल्या. वऱ्हाडात, खानदेशात, नगरकडे जुन्या लोकांना विचारा, सरकारी दवाखान्यातली ‘सिस्टर’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा ख्रिस्ती बाई येते. उच्चवर्णीय घरांनी आपल्या मुलींना ज्या कामाला पाठवले नाही, ते काम या मुलींनी उचलले. मलमूत्र, रक्त, पू आणि परक्या पुरुषाचे अंग. यातले प्रत्येक काम विटाळाच्या हिशेबात बसणारे.

रात्रपाळीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती कुठल्याही वॉर्डात घडते. पहाटे तीन-साडेतीनला नातेवाईक झोपलेले असतात, डॉक्टर नसतात, म्हाताऱ्या रुग्णाने अंथरूण खराब केलेले असते. सकाळी पाळी बदलेपर्यंत तसेच ठेवले तर कुणी विचारणार नसते, कारण वहीत तसा रकानाच नसतो. चादर त्याच वेळी बदलायची की सहा वाजता येणाऱ्या मावशीवर सोडायची, एवढाच प्रश्न. थोड्या गोष्टीत इमानी राहण्याविषयी येशूने दाखल्यांत सांगितले, त्याचा अर्थ मला इतकाच कळतो. म्हाताऱ्याला कूस वळवून, एका हाताने धरून, ओली चादर गुंडाळून खालून काढायची आणि कोरडी सारायची. हे एकटीने करायला कंबर लागते. हे काम वर्षानुवर्षे केलेल्या बाईची पाठ साठीत वाकलेली असते, आणि तिचे नाव कुठल्या स्मरणिकेत नसते.

याच निष्ठेने गावाचा पाणवठा कसा हलवला, ते पाहायला जामखेडला जावे लागते. डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० साली लग्न करतानाच खेड्यातल्या आजारी माणसांसाठी जगायचे, असे दोघांनी ठरवले होते. वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आले की बरा करून पाठवलेला रुग्ण त्याच आजाराने परत येतो. दवाखाना उंबऱ्याशी थांबतो आणि आजार घरात राहतो. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९७० साली त्यांनी जामखेड निवडले. सुरुवात जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या इमारतीत झाली.

१९७२चा दुष्काळ आला. विंधनविहिरी खोदायच्या होत्या. त्या कुठे खोदायच्या, हा सगळ्या गावाच्या आयुष्याचा प्रश्न होता. गावाने आजवर विहीर नेहमी आपल्या बाजूला ठेवली होती आणि दलितांना दुरून ओंजळीत पाणी घ्यायला लावले होते. आरोळ्यांनी अनेक गावांत बोअर दलित वस्तीत घेतला. पाणी तिथे लागले, आणि पाटलाच्या घरची बाई घागर घेऊन तिथे आली. पहिल्या दिवशी तिच्या पायांना किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. त्यासाठी एकही भाषण झाले नाही, मोर्चा निघाला नाही, धर्मांतर झाले नाही. पाणी पिण्याच्या रोजच्या गरजेने जे शतकानुशतके वेगळे ठेवले होते, तेच रोजच्या गरजेने एकत्र आणले गेले.

मग आरोग्यसेविका आल्या. शिकलेल्या नर्स खेड्यात राहीनात, म्हणून गावातल्याच बायका निवडल्या. त्यांत कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, टाकलेल्या, विधवा. त्या जामखेडला शिकायला यायच्या तेव्हा एकत्र जेवायच्या, एका खोलीत झोपायच्या. जिच्या सावलीचा विटाळ मानत ती बाई पुढे बाळंतपण करायला सवर्णांच्या माजघरात गेली. १९७०च्या सुमारास जामखेड भागात हजार बाळांमागे १७६ मरत होती. पाच-सहा वर्षांत तो आकडा पन्नासच्या आसपास उतरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली हे काम जगापुढे ठेवले. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११मध्ये.

त्या दोघांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि तिची जाहिरातही केली नाही. त्यांच्या आरोग्यसेविका बहुतेक हिंदू राहिल्या. मला जामखेडमध्ये ख्रिस्ती निष्ठेचे जे रूप दिसते, त्यात डॉक्टराने आपले ज्ञान अडाणी बाईच्या हातात देणे ही सगळ्यांत कठीण गोष्ट होती. पैसा वाटणे त्या मानाने सोपे. ज्यामुळे आपण मोठे ठरतो तीच गोष्ट वाटून टाकायची आणि आपली गरज कमी करत न्यायची, हे येशूने शिष्यांचे पाय धुण्याइतकेच अवघड आहे.

आता कागदाकडे यावे लागते, कारण अमडापूरसारख्या गावातल्या ख्रिस्ती घराची खरी घालमेल आज तिथे आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. त्यामुळे महार किंवा मातंग घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसाला कागदावर खरे लिहिले की मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृहाची जागा, नोकरीतली राखीव जागा हातची जाते. गावाने मात्र त्याची जात एका दिवसासाठीही विसरलेली नसते. घर त्याच वस्तीत, आडनाव तेच, लग्नाच्या पंगतीत जागा तीच. राज्य म्हणते, धर्म बदलला म्हणजे जात गेली. गाव म्हणते, धर्म कोणताही असो, जात तीच.

शाळेत पहिलीचा दाखला भरताना गुरुजी विचारतात, धर्म काय लिहू? बाप रोज रात्री घरात प्रार्थना करतो. त्याच्या मुलीचे नाव रूथ किंवा एस्तेर आहे. तो क्षणभर गप्प राहतो आणि म्हणतो, हिंदू लिहा. रविवारी मंडळीत त्याला कुणी येशूला नाकारणाऱ्या पेत्राचे उदाहरण ऐकवतो. मला हा अन्याय वाटतो. पेत्राने आपला जीव वाचवण्यासाठी नाकारले होते. या बापाला लेकीचे शिक्षण वाचवायचे आहे, आणि त्याला या कोपऱ्यात कायद्याने ढकलले आहे. प्रामाणिक माणसाला खोटे लिहायला लावणारा नियम चुकीचा असतो. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. २०२२मध्ये केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला. दरम्यान किती पिढ्या दोन नावांनी शाळेतून बाहेर पडल्या.

आणि यात मंडळ्यांनी हात झटकून बाजूला उभे राहू नये. जात चर्चच्या दाराशी थांबलेली नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत लग्ने आजही मूळ जात विचारून ठरतात, पंचकमिटीच्या निवडणुकीत जुन्या वस्त्यांचे गट पडतात, प्रॉपर्टीवरून कोर्टात वर्षानुवर्षे भांडण चालते. एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या दोन घरांत सोयरीक होत नसेल, तर तो प्याला लक्ष्मीबाईंच्या राहुरीतल्या घोटापेक्षा मागेच आहे. मिशनरी गेल्यानंतर मराठी मंडळ्या स्वतंत्र झाल्या. आता त्यांचा पहिला हिशेब बाहेरच्या टीकाकारांशी नाही, आपल्याच सोयरिकीच्या याद्यांशी आहे.

कायदा बदलेपर्यंत मंडळीला करता येण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला आयोगाची परवानगी लागत नाही. खरे नाव, खरा धर्म लिहिणाऱ्या घरातल्या मुलाची फी, वह्या आणि वसतिगृहाचा खर्च मंडळीने उचलायचा. कापणीच्या सणाच्या लिलावाचा पैसा त्यासाठी वेगळा ठेवायचा आणि त्याचा हिशेब वर्षाअखेरी सगळ्यांपुढे वाचायचा. त्यानंतरही एखाद्या बापाला ‘हिंदू लिहा’ म्हणावे लागले, तर त्याला बोल लावू नये. गुरुजींपुढे गप्प उभ्या राहिलेल्या त्या बापाच्या मागे निदान चार घरे उभी असली पाहिजेत.